दर सोमवारी शून्य

मी जमिनीत पुरलेली काचेची तार बोलतेय. तशी रोजच बोलते, ऐकतंय कोण?

केसाएवढी बारीक आहे मी. माझ्या टेलिफोनवाल्या बहिणी जगभरच्या गप्पा वाहतात. माझ्या नशिबी आला उज्जैनमधल्या नानाखेड्यामागचा नाल्याचा काठ. इथली काळी माती नाल्याकडे हळूहळू सरकते, म्हणून काठावरच्या घरांसाठी मला पुरलं. माती सरकली की मी ताणली जाते, माझ्यातला उजेड बदलतो आणि गेटाशी लावलेल्या पेटीतलं यंत्र तो ताण वाचतं. एवढं सरळ काम!

दर सोमवारी निखिल आकडा घ्यायला येतो. पोरगा वाईट नाही, पण आकडा लिहिला की बटण दाबून यंत्र शून्यावर आणतो. त्याच्या साहेबांनीच सांगितलंय, "हर हफ्ते फ्रेश शुरू करो, रिपोर्ट साफ दिखता है." म्हणजे आठवडाभर मी जे सोसलं, ते पुसलं! आठवड्याला दीड मिलिमीटर, कागदावर 'नॉर्मल'. असे चाळीस सोमवार झाले. सहा सेंटिमीटर माती सरकली हो! साधी बेरीज करायला काय जातं कुणाचं?

माझ्या डोक्यावरच बँकेतून रिटायर झालेले प्रभाकरराव आणि शोभाताई राहतात. त्यांचं मागचं दार फरशीला घासतं. सुताराचा तीनदा रंधा मारून झाला.

"अरे निखिल, जमीन ठीक आहे ना? आमची लेक मानसी कायमची परत येतेय. तिच्यासाठी वर दोन खोल्या काढतोय," प्रभाकरराव या सोमवारी म्हणाले.

"बिल्कुल ठीक, काका. टेन्शनच नका घेऊ, सगळं नॉर्मल आहे."

"मग दार का अडतं रे?" शोभाताईंनी विचारलं.

"लाकूड फुगतं, काकू. होऊन जातं असं."

ऐन मे महिन्यात लाकूड फुगतं म्हणे! मी नुसती चडफडले.

आज विटांचे दोन ट्रक काठावरच रिकामे झाले. उद्या तिसरा येतोय. निखिल येणार सोमवारी, आणि आज तर गुरुवार.

मी तुटले तर पेटीवर लाल दिवा लागतो, ऑफिसात फोन जातो. तुटलेल्या तारेपुढे 'नॉर्मल' लिहिता येत नाही. निखिलला कधीतरी बेरीज सुचेल म्हणून आजवर जीव मुठीत धरून टिकले. आता पुरे. उद्याच्या ट्रकच्या ओझ्याने माती सरकून मला तोडावं, एवढंच मागणं आहे.

शोभाताई, दिवा लागला की तार दुरुस्त व्हायची वाट बघू नका. दोघंही घराबाहेर पडा.