एक पुस्तक कमी

मित्रांनो, धुळ्यातल्या या वाचनालयात शिरण्याआधी तुम्ही ज्या लांबट लाकडी पेटीवर बसून बुटांचे बंद सोडता, ती मी. तुमच्यापैकी काही जण माझ्यावर टाचा आपटतात. त्याचे मला वाईट वाटत नाही. माझ्या मनात वेगळेच एक दुःख आहे, ते आज तुम्हाला सांगते.

माझा जन्म इथलाच, १९६३ सालचा. वाचनालयाला खेडोपाडी फिरवण्यासाठी पुस्तकांची पेटी हवी होती. ती झुलाल मिस्त्रींनी करायला घेतली. सातपुड्यातले जुने सागवान, पितळी कड्या आणि चांगले दोन आठवड्यांचे काम. मिस्त्रींना अक्षर येत नव्हते. नमुन्याला दिलेले पुस्तक उलटे धरून त्यांनी उंचीचे माप घेतले. माझ्या पोटात त्यांनी एकावर एक असे दोन तळ बसवले आणि खालची ओल वर चढू नये म्हणून मध्ये चार बोटे जागा सोडली.

"पुस्तकेसले वल लागाले नको," ते म्हणाले, "नाहीतर बठ्ठी मेहनत वाया जाई."

पोटात पन्नास पुस्तके घेऊन मी एस.टी.च्या टपावर चढले. एका गावात एक महिना मुक्काम, मग पुढचे गाव. असोदा, यावल, चोपडा, अशी माझी फेरी असे. मला एका गावातून उचलून दुसऱ्या गावात पोचवण्याचे काम बन्सीलाल यांच्याकडे होते. गावात पोचले की लोक कौतुकाने माझ्याभोवती जमत. यावलला एकदा बायकांनी मला हळदकुंकूही लावले. ते दिवस फार अभिमानाचे होते.

मग १९६७ च्या दिवाळीत यावलच्या स्टँडवर दोरी सुटली आणि मी टपावरून खाली आदळले. बाहेरून खरचटण्यापलीकडे काही दिसत नव्हते. आत मात्र वरच्या तळाची मागची कड निखळली आणि तिथे दोन बोटांची फट पडली. बन्सीलाल यांनी झाकण उघडले, पुस्तके मोजली आणि पुन्हा लावले.

"ठीक आहे. फट पुढच्या खेपेला बुजवू," ते म्हणाले.

ती पुढची खेप आलीच नाही. जानेवारी लागला आणि मी असोद्याला आले.

असोद्याला माझा मुक्काम नेमीचंदभाऊंच्या किराणा दुकानात असे. नेमीचंदभाऊ हे मारवाडी जैन घरातले, शांत स्वभावाचे गृहस्थ. गुळाच्या भेल्यांशेजारी मला ठेवून ते लोकांना पुस्तके देत. मास्तर येत, तलाठी येत, कॉलेजात जाणारी दोनतीन मुले येत. त्या वर्षी पहिल्याच दिवशी कापूस वेचून परतणारी एक बाई दुकानाच्या पायरीशी थांबली. चाळिशीची असेल. तिच्या लुगड्याला कापसाचे तंतू चिकटले होते.

"भाऊ, ह्याच्यातलं एक पुस्तक मले भेटंल का?"

"वाचता येतं तुम्हाला, बेबाबाई?"

"प्रौढांच्या वर्गात शिकली ना मी. जोडाक्षराले अडते, पन बाकी लागते."

नेमीचंदभाऊंनी तिला तीन पुस्तके दाखवली. तिने सगळ्यात पातळ निवडले. लाल पुठ्ठ्याचे, बोटीने जगप्रवास केलेल्या एका माणसाचे.

मित्रांनो, माझ्यातली पुस्तके पुष्कळांनी वाचली. पण बेबाबाईसारखे कोणी नाही. सकाळी ती केळीच्या बागेत निंदणीला किंवा कपाशीत वेचणीला जाई. पुस्तक भाकरीच्या फडक्यात बांधून नेई. दुपारच्या सुट्टीत इतर बाया लवंडत, तेव्हा ती केळीच्या सावलीत बसून ओळीवर बोट ठेवून वाची. मग कापूस वेचताना तेच बायांना सांगे. एकदा तर गोष्ट ऐकता ऐकता सगळ्या जणी कपाशीच्या एकाच ओळीत घुटमळत राहिल्या आणि मुकादम ओरडला. हे सगळे ती संध्याकाळी दुकानात मीठ-मिरची घेता घेता हसत सांगायची, म्हणून मला ठाऊक.

"भाऊ, समुद्र मंजे तापीले पूर येतो तेवढा आसंल का?"

"मी तरी कुठं पाहिलाय? वाचून तुम्हीच सांगा मला," नेमीचंदभाऊ म्हणत.

संक्रांतीनंतर शेतावर भरताचा बेत झाला. कपाशीच्या वाळल्या काड्यांवर वांगी भाजली, कळण्याच्या पुऱ्या झाल्या, आणि जेवणानंतर बायांनी हट्टाने तिला वाचायला बसवले. त्या गडबडीत लाल पुस्तकाच्या एका पानावर तेलाचा डाग पडला. दुसऱ्या दिवशी ती चेहरा पाडून आली. कोणी विचारण्याआधी तिने स्वतःच ते पान उघडून दाखवले.

"माह्या हातून झालं, भाऊ. तुम्ही पुस्तक देनं बंद कराल का आता?"

"डाग वाचणाऱ्याच्याच पुस्तकावर पडतो," नेमीचंदभाऊ म्हणाले. तिचा चेहरा असा उजळला की मलाही बरे वाटले.

त्याच महिन्यात गावाबाहेर तंबूतला सिनेमा आला. बेबाबाई मैत्रिणींबरोबर जाऊन आली आणि दुसऱ्या दिवशी ठसक्यात म्हणाली, "पडद्यावरचा समुद्र कापडाचा व्हता. पुस्तकातला खरा हाये." तिने महिन्याभरात पाच पुस्तके वाचली. शेवटी तेच लाल पुस्तक तिने पुन्हा नेले.

महिना संपायला दोन दिवस होते. त्या दिवशी दुकानात फार गर्दी होती. बेबाबाई लाल पुस्तक परत करायला आली. नेमीचंदभाऊ गूळ तोलत होते.

"पेटीत ठेवून द्या, बेबाबाई. मी नंतर वहीतलं नाव मारतो," ते मान वर न करता म्हणाले.

तिने माझे झाकण उघडले, पुस्तक पदराने पुसले आणि मागच्या रांगेत उभे केले. पुस्तक पातळ होते. ती वळते न वळते तोच ते घसरले, त्या फटीतून खाली गेले आणि माझ्या दोन तळांच्या मध्ये जाऊन आडवे पडले.

मला कळले होते. पण ओरडणार कशी? नेमीचंदभाऊ गर्दीच्या नादात नाव मारायचे विसरले.

दोन दिवसांनी बन्सीलाल आले आणि पुस्तके मोजू लागले. एकोणपन्नास. पुन्हा मोजली. तरीही एकोणपन्नास. वहीत लाल पुस्तकापुढे बेबाबाईचे नाव तसेच होते, शेजारी तेलाच्या डागाची नोंदही. तिला बोलावणे गेले. ती शेतातून तशीच धावत आली.

"मी ठेवलं. ह्याच हातानं ठेवलं," ती म्हणाली.

"मग गेलं कुठं? पाय फुटले त्याला?" बन्सीलाल म्हणाले. "पानावर तेल सांडणारी बाई हीच ना? मजुरी करणाऱ्याला कशाला देता हो पुस्तकं?"

दुकानात आठदहा माणसे होती. बेबाबाईने नेमीचंदभाऊंकडे पाहिले. "भाऊ, तुम्हीच म्हनले ना, पेटीत ठेव म्हनून?"

मित्रांनो, एवढे एकच वाक्य बोलायचे होते. 'हो, मीच म्हणालो होतो.' पण म्हटले असते तर नाव न मारल्याचा दोष त्यांच्यावर आला असता. चार माणसांत बन्सीलाल त्यांना बोलले असते. नेमीचंदभाऊ तराजूच्या पारड्याकडे पाहत राहिले आणि हळूच म्हणाले, "घरी एकदा नीट बघा, बेबाबाई."

ती गेली. घरातला पत्र्याचा डबा, धान्याच्या कोठ्या, गोधड्यांची घडी, सगळे तिने अंगणात काढले म्हणे. तिच्यामागून गेलेल्या बायांनीच ते येऊन सांगितले. तासाभराने ती परत आली. तिचे दोन्ही हात मोकळे होते.

"घरात नाही. मी चोर नाही," ती म्हणाली. "पन आता पुस्तकाले हात लावनार नाही."

मला बंद करून दोरी आवळली. मी यावलला गेले. ज्या पुस्तकासाठी एका बाईची अब्रू गेली, ते माझ्याच पोटात होते. खड्डा आला की ते तळावर आपटे आणि तो आवाज एकट्या मलाच ऐकू येई.

चार महिन्यांनी चोपड्याला माझ्या वरच्या तळाची फळी पूर्ण निसटली. तिथल्या शिक्षकांनी आत हात घातला आणि लाल पुस्तक बाहेर काढले.

"सापडलं का? चला, पन्नास झाली!" बन्सीलाल खूश झाले.

"असोद्याला कळवायला हवं ना?" शिक्षकांनी विचारले.

"पेटी जाईलच की परत. दिसेल त्यांना."

बन्सीलाल काही दुष्ट नव्हते, मित्रांनो. त्यांना फक्त एक पोस्टकार्ड लिहायचा कंटाळा आला. फळी मात्र त्याच दिवशी ठोकून झाली.

पुढच्या जानेवारीत मी असोद्याला पोचले. नेमीचंदभाऊंनी झाकण उघडले आणि त्यांना लाल पुठ्ठा दिसला. त्यांनी पुस्तक उघडून तेलाचा डाग पाहिला. बन्सीलाल यांनी फटीची हकीकत हसत हसत सांगितली. नेमीचंदभाऊ हसले नाहीत. ते पुस्तक हातात घेऊन दुकानाच्या पायरीवर जाऊन बसले. दुकानात गिऱ्हाईक आले, तरी उठले नाहीत. संध्याकाळी बाया शेतातून परतू लागल्या, तेव्हा ते रस्त्यात उतरले.

"बेबाबाई, थांबा. पुस्तक पेटीतच होतं. तुम्ही ठेवलं होतं." मग त्यांनी आवाज चढवला, सगळ्यांना ऐकू जावे म्हणून. "मीच म्हणालो होतो, पेटीत ठेवा म्हणून. त्या दिवशी मी गप्प बसलो. माझं चुकलं."

बेबाबाई बायांमधून बाहेर येऊन त्यांच्यासमोर उभी राहिली.

"पुस्तक मियालं, बरं झालं," ती म्हणाली. "पन भाऊ, तुमाले माहीत व्हतं ना? मंग काहून गप्प बसले?"

त्यांनी पुस्तक पुढे केले. "घेऊन जा. हवं तितके दिवस ठेवा."

तिने पुस्तक हातात घेतले, मधले एक पान उघडले आणि ओळीवर बोट ठेवले. ओठ हलले, थांबले. पुन्हा हलले. वर्षभर तिने एक अक्षर वाचले नव्हते. नव्याने शिकलेले अक्षर वापरले नाही तर पुसले जाते, मित्रांनो. तिने बोट उचलले.

"आता नाही लागत," ती म्हणाली आणि पुस्तक मिटून त्यांच्या हाती दिले.

"मी शिकवतो. रोज थोडा वेळ इथं येऊन बसा," नेमीचंदभाऊ घाईघाईने म्हणाले.

"राहू द्या. तवा तुमी बोलले आसते, तं आले आसते मी," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते, असे मला वाटते. बाया पुढे निघाल्या होत्या; भराभर पावले उचलून ती त्यांना जाऊन मिळाली.

त्यानंतर आणखी तीन वर्षे मी असोद्याला जात होते. नेमीचंदभाऊ माझे तोंड मुद्दाम रस्त्याकडे करून ठेवत. बेबाबाई रोज समोरून जाई. मीठ घ्यायला आली की नीट बोले, कधी हसेही. पण तिने मला पुन्हा कधी हात लावला नाही. मग बहात्तरचा दुष्काळ आला, गावोगाव खडी फोडायची कामे निघाली आणि माझी फेरी बंद झाली. तेव्हापासून मी या दारात आहे.

मित्रांनो, फळी निखळली की वेळीच ठोकून घ्या, वस्तूंना जपा, हे तर मी सांगेनच. पण दोन बोटांच्या माझ्या फटीपेक्षा त्या दिवशीचे नेमीचंदभाऊंचे गप्प बसणे जास्त महाग पडले. फट दोन खिळ्यांत बुजली. कधी तुमच्यासमोर एखाद्यावर खोटा आळ आला आणि खरे तुम्हाला ठाऊक असले, तर उद्यावर ढकलू नका. मला तोंड नव्हते. तुम्हाला आहे.