गोळे कधी सोडायचे

"काका, कान भाजून घ्यान ना! पातेलं हाय ते, मोबाइल नाही!"

धम्मदीप ओरडला तशी सगळी खोली हसली. कृष्णकांतराव मात्र पातेल्याशी वाकून, डोळे मिटून, आत शिजणाऱ्या भाताचा आवाज ऐकत राहिले. अंगात पांढरा एप्रन, डोक्यावर कागदी टोपी. हिंगण्याच्या कारखान्यात स्टोअरच्या खिडकीमागे एकोणतीस वर्षं बसलेला हा माणूस गॅसपुढे उभा राहिलेला कोणी कधी पाहिला नव्हता.

कंपनीनं शनिवारी सगळ्यांना बेसा इथल्या भैरवी मॅडमच्या स्वयंपाकवर्गाला आणलं होतं. 'टीम बिल्डिंग' म्हणे. तिघातिघांनी मिळून घरचा एक पदार्थ करायचा. दरवर्षी असलं काही निघालं की कृष्णकांतराव घरची अडचण सांगून सुटायचे. यंदा नाव देणाऱ्यांत तेच पहिले.

त्यांच्या गटातल्या धम्मदीपच्या डोक्यात झणझणीत रस्सा होता. दीक्षाला पुलाव हवा होता. तेवढ्यात कृष्णकांतराव हळूच म्हणाले, "गोळाभात करू या का? मला शिकायचा होता."

"तुम्हाले? काहून?" दीक्षानं विचारलं.

"घरी पाहिजे आहे."

 काकूंचं दीक्षाला अर्धवट माहीत होतं. त्यांच्या बायकोची, अरुंधतीची स्मरणशक्ती दोन वर्षांपासून पुसत चालली होती. आधी किल्ल्या गेल्या, मग माणसांची नावं, मग स्वयंपाक. आता तर ती खायलाच तयार नव्हती. घास तोंडात धरायची आणि लहान मुलासारखा बाहेर काढायची. दोन महिन्यांत नऊ किलो वजन उतरलं. पंधरा दिवसांत खाणं सुरू झालं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. त्यातले अकरा दिवस सरले. खिचडी झाली, शिरा झाला, बाहेरचे डबे झाले. राहिला होता तिच्या हातचा, तिच्या आवडीचा गोळाभात. तो कसा करतात हे सांगणारी तीच होती, आणि तिलाच आता ते सांगता येत नव्हतं.

डाळीचा भरडा भैरवी मॅडमनी भिजवून दाखवला. तिखट, हळद, हिंग, तेलाचं मोहन. गोळे दीक्षानं वळले. "भात उकळायला लागला की बारा मिनिटांनी गोळे सोडा," मॅडम म्हणाल्या. "आधी सोडले तर विरघळतात, उशीर झाला तर कच्चे राहतात."

बारा मिनिटं झाली. धम्मदीपनं ताटली उचलली.

"थांब गा," कृष्णकांतराव म्हणाले.

संसाराची तेहतीस वर्षं ते बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसत. आत काय चाललंय ते कधी उठून पाहिलं नाही. पण कान तर उघडे होते. रटरट जोरात चालायची, मग ती विरळ व्हायची, मग बुडबुडा फुटल्यासारखा एकेकटा आवाज. आणि मग गोळे सोडायला अरुंधती झाकण काढायची, त्याचा खणकन आवाज यायचा. तेवढंच त्यांना येत होतं.

रटरट विरळ झाली. एक बुडबुडा. दुसरा.

"हं. आता."

गोळे सोडून, वाफ आणून झाकण काढलं तेव्हा ते अख्खे होते आणि बोटानं दाबताच भुरभुरले. मॅडमनी एक चाखला आणि मान डोलावली. धम्मदीपनं आपली थाळी न वाढताच सगळा भात डब्यात भरला.

"अरे, तुम्ही दोघं?"

"आमी समोरच्याइचा पुलाव हाणतो ना, काका. तुम्ही निघा. गरम हाये तोवर निघा."

सकाळच्या चहावरच होते, पण चाखून पाहायचंही कृष्णकांतरावांना सुचलं नाही.

घरी दिवसभर सोबतीला असणाऱ्या इंदुताईंनी दार उघडलं. "भाऊ, सकाळपासून घोटभर दूध गेलं पोटात. बस."

त्यांनी गोळा कुस्करला, वर हिंगाची फोडणी घातली आणि ताट अरुंधतीपुढे ठेवलं. तिनं वास घेतला. बोटांनी भात कालवला. घास तोंडात गेला आणि तो बाहेर आला नाही. दुसरा गेला. तिसरा गेला.

"हिंग बेताचा पडला," ती म्हणाली.

कृष्णकांतरावांनी फोडणीची आणखी एक पळी वर ओतली.

इंदुताईंनी त्यांना हळूच स्वयंपाकघरात बोलावलं. "भाऊ, बोलू नये, पन... आज एकादशी हाये. वहिनीनं बाळंतपनातबी मोडली नाही म्हनत होते ना तुम्ही?"

तिथी-वार अरुंधती पाहायची. ती आजारी पडल्यापासून कॅलेंडरचं पान कोणी उलटलं नव्हतं. भात, डाळ, हिंग: वर्ज्य ते सगळं त्यांनी आपल्या हातानं तिच्यापुढे वाढलं होतं. बाहेर ताटात बोटं फिरत होती. अजून थांबवता आलं असतं.

ते देवापुढे उभे राहिले. कधी नव्हे ते नीट हात जोडले. "तिची एकादशी आता माझ्याकडे," एवढंच ते म्हणाले. मग डबा उचलून बाहेर आले आणि तिला आणखी वाढलं.

"तुमीबी दोन घास खा," इंदुताई म्हणाल्या.

"माझी एकादशी आहे."

अरुंधतीनं मान वर करून परक्या पाहुण्याकडे पाहावं तसं त्यांच्याकडे पाहिलं. "चांगलं करता हो. आमच्या ह्यांना एक उपास जमत नाही. भूक सहनच नाही होत." ती हसली. खूप दिवसांनी हसली. मग एकदम थांबली, आणि उरलेला भात बोटांनी ताटाच्या एका कडेला सारू लागली.

"काय झालं?"

"ह्यांच्यासाठी ठेवते. येतीलच आता कंपनीतून. भुकेले येतात."

ताटात निम्म्याहून जास्त भात होता. कृष्णकांतराव तिच्यासमोर पाटावर बसले.

"त्यांचा फोन आला होता," ते म्हणाले. "जेवून येणार आहेत. तुम्ही संपवा, म्हणाले."

"खरंच?"

"हो. पोटभर जेवले म्हणे."

तिनं क्षणभर विचार केला, आणि कडेचा भात पुन्हा मधे ओढला.