यंत्राने वाचलेलं हसू

आई दवाखान्यात होती तेव्हा धाकट्या भावंडांना धीर यावा म्हणून थोरली लेक हसत राहिली, आणि ते हसू चेहऱ्याला चिकटलं ते चिकटलंच. भीती वाटली की ओठ आपोआप फाकायचे. क्रेन शिकवणाऱ्या केंद्रात तिचं नावच पडलं, हसरी.

केंद्रात खोटी क्रेन होती. खुर्ची, दांडे आणि समोर भिंतभर पडदा. पडद्यावर बसवलेला कॅमेरा चेहरा वाचायचा. शिकणारा घाबरला की पडद्यावरचा वारा मंदावायचा, निवांत दिसला की वाढायचा. कुणाच्या मनात काय आहे ते देव जाणे, असं आपण म्हणतो. इथे ते काम एका काचेच्या डोळ्यावर सोपवलेलं. हसरीच्या वाट्याला मग रोज वादळच!

आज शेवटची परीक्षा. पास झाली तर उद्या खरी क्रेन, नाही तर गाशा गुंडाळून घरी.

हुकाला लटकलेली लोखंडी तुळई झोके घेऊ लागली, तशी हसरी हसली. वारा वाढला. ती आणखी हसली. तुळई सुटली, आणि पडद्यावरचा मजूर तिच्याखाली गेला.

यंत्राने शेरा उमटवला: आनंदी.

मागे बाकीचे शिकणारे उभे होते. एकजण पुटपुटला, "माणूस मेला तरी दात काढतेय बया!"

"खुळ्या, चित्रातला आहे तो," दुसरा म्हणाला. पण तोही दोन पावलं मागे सरकला.

शिकवणारे काका पुढे आले. "पोरी, हसलीस का?"

"भ्यायले की असंच होतं, काका. लहानपणापासून."

त्यांनी दांड्यावरची तिची बोटं सोडवली. बर्फासारखी गार, घामाने चिंब.

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"यंत्र म्हणायचं, मी निवांत आहे. मला वाटलं, असेन बाई!"

काकांना हसावं की रडावं कळेना. हाच शेरा वाचून तेही तिला रोज शाबासकी देत आले होते. त्यांनी खिशातला रुमाल कॅमेऱ्यावर टाकला, वारा आपल्या हाताने बेताचा लावला. "हं, पुन्हा."

या खेपेला तुळई डगमगली, पण अलगद टेकली.

"उद्या खऱ्या क्रेनवर चढायचं," काका म्हणाले. "खाली साखळी बांधायला माझा जावई असेल. माझ्या लेकीचा संसार आहे तो, ध्यानात ठेव."

हसरीचे ओठ फाकले.

"घाबरलीस?"

तिने होय म्हणून मान हलवली.

"मग चढ," म्हणत त्यांनी रुमाल ओढून घेतला. दोनदा प्रयत्न केला तरी तो काही खिशात जाईना. भ्यायले होते तेही.