ओंजळीतले फिकट दाणे

पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलंय, असं ग्रंथपाल बरेच दिवस स्वतःला सांगत होते. राहून काही गेलं नव्हतं. ते पत्र त्यांनी जाड शब्दकोशात घालून ठेवलं होतं आणि तेव्हापासून शब्दकोश उघडायचंच टाळलं होतं.

पत्र फोटोग्राफरचं होतं. मुलीकडे राहायला गेलेल्या या मित्रानं तिकडेही रविवारची रानफेरी सुरू केली होती. ‘इथे टेकडीवर कामोणीची झुडपं उदंड आहेत. पिकलेली फळं कशी ओळखायची, तेवढं कळव. माणसं माझ्या तोंडाकडे बघत बसतात आणि मला आपला तुझा “हं” आठवतो.’

तो ‘हं’ म्हणजे इथल्या रानफेरीचा कायदाच होता. रानात कुणाला फळ सापडलं की आधी ते ग्रंथपालांच्या हातावर यायचं. ते चष्मा कपाळावर चढवून देठ न्याहाळत, दाणा चुरडून वास घेत आणि मग ‘हं’ म्हणत. त्याआधी कुणी काही तोंडात टाकायचं नाही. जन्मभर वाचनालयात हळू आवाजात बोललेल्या माणसाला त्या एका अक्षरानं मान मिळाला होता.

पण माणसं जमायची ती फोटोग्राफरभोवती. त्याच्या गमतींवर ग्रंथपालांची बायकोही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायची. घरी ती तशी कधी हसल्याचं त्यांना आठवत नव्हतं. हसवणं त्याच्याकडे होतंच. आता ओळखणंही त्यालाच देऊन टाकायचं? मग आपल्याकडे उरलं काय?

आजच्या फेरीत, नेमकं कामोणीच्या झुडपापाशी, शाळेतल्या बाईंनी पिशवीतून एक फोटो काढला.

“काका, बघा कोण आलंय! कालच्या टपालानं आलाय.”

“बघू, बघू.” बायको पुढे सरसावली. “अगंबाई, केवढी माणसं जमवलीत! आणि ही कप्तानाची टोपी! आता फक्त जहाज हवं खाली.”

“पुढच्या रविवारी त्यांच्या तिकडच्या फेरीला मुलंही येणार आहेत म्हणे. सगळ्यांना ते कामोणी चाखायला देणार आहेत.”

“देईल की. त्याच्या हातचा दगडही गोड लागेल लोकांना,” ग्रंथपाल पुटपुटले.

“तुम्हाला मेलं कुणाचं चांगलं म्हणून बघवत नाही,” बायको हसत म्हणाली. ते त्यांना लागलं, कारण खरं होतं.

फोटो त्यांच्या हातात आला. काळा-पांढरा. फोटोग्राफर ओंजळ पुढे करून उभा, ओंजळीत कामोणीचे घोस. सगळ्यांनी त्याचं हसू बघितलं होतं. ग्रंथपालांनी चष्मा कपाळावर चढवून ओंजळ बघितली. प्रत्येक घोसात काळ्या दाण्यांमध्ये फिकट करडे दाणे होते. म्हणजे हिरवे. पठ्ठ्यानं फळं फोटोसाठी निवडली होती. काळ्यात थोडं फिकट असलं की चित्र उठून दिसतं ना! हिरवी कामोणी मोठ्या माणसालाही आडवं पाडते. लहानांचं तर विचारूच नका.

होऊ दे फजिती, असं क्षणभर त्यांच्या मनात आलं. एकदा वांत्या सुरू झाल्या की त्या टोपीभोवती कोण जमतंय बघू. आणि लगेच त्यांना स्वतःची अशी शिसारी आली की त्यांनी फोटो घाईघाईनं बाईंच्या हातात परत कोंबला.

“काका, बरं वाटत नाहीये का?”

“मला घरी जायला हवं. एक पत्र लिहायचंय.”

“अहो, पण हा?” बायकोनं एक दाणा पुढे केला. “खाऊ का नको?”

“तोडताना ओढावा लागला?”

“नाही. बोट लावलं आणि हातात आला.”

“सगळीकडून काळा आहे? मऊ?”

तिनं फिरवून बघितला, हलकेच दाबला. “आहे.”

“मग तुझं तूच ठरव.”

ती चकित होऊन त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं दाणा तोंडात टाकला.

घरी आल्यावर पायही न धुता, शब्दकोशातलं पत्र काढून समोर ठेवून ते लिहायला बसले. ‘तुझ्या फोटोतले घोस कुणाला खाऊ देऊ नकोस. त्यांत हिरवे दाणे आहेत. पूर्ण काळा, मऊ आणि बोट लावताच सुटणारा तेवढाच घ्यायचा. ओढावा लागला तर झाडावरच राहू दे. हे प्रत्येकाला स्वतः करून बघायला शिकव. हं म्हणायला कुणी लागत नाही.’ मग हात थांबेना. तुतीपासून काटेरी झुडपांपर्यंत, ठाऊक होत्या तेवढ्या सगळ्या खुणा त्यांनी लिहून काढल्या.

“एवढं?” बायको खांद्यावरून डोकावली. “त्यांनी कामोणीचंच विचारलं होतं ना?”

“उद्या त्याला आणखी एखादं फळ देखणं वाटेल.”

उशिराचं कारण म्हणून त्यांनी ‘प्रकृती’ असं लिहिलं. तेवढं खोटं त्यांनी ठेवून घेतलं.

कोपऱ्यावरच्या टपालपेटीत त्यांनी जाडजूड पाकीट सरकवलं, पण टोक बोटांतून सुटेना.

“अडकलं का?” बायकोनं विचारलं.

“नाही,” ते म्हणाले आणि त्यांनी बोटं उघडली.