शरयूची टाच

मित्रांनो, माझा काळा रंग केव्हाच उडून गेला. ग्वाल्हेरातली जुनी सायकल मी. जे घडलं ते सांगते. त्यात रडण्याजोगं माझ्यापाशी आता काही उरलेलं नाही.

१९३६ साली महिपतरावांनी मला मुरारहून शिंदे की छावनी या वस्तीतल्या आपल्या घरी आणलं. ते दरबारच्या कचेरीत कारकून होते. मुलगी सायकल चालवणार म्हणून शेजारीपाजारी हसले. महिपतराव एवढंच म्हणाले, "शाळा लांब आहे. जाऊ दे तिला." त्यांची थोरली सरोजिनी तेरा वर्षांची. ती रोज मला पुसायची, साखळीला तेल द्यायची. मागे कॅरिअरवर सात वर्षांची धाकटी शरयू बसायची. आई दारातून ओरडायची, "शरयू, पाय चाकापासून लांब धर गं!"

थंडीतल्या एका सकाळी उशीर झाला.

"ताई, जल्दी कर ना! प्रार्थना होऊन जाईल," शरयू मागून म्हणाली.

पाटणकर बाजाराच्या वळणावर सरोजिनीनं वेग कमी केला नाही. गल्लीतून टांगा आला. "बचके, बिटिया!" टांगेवाला ओरडला. सरोजिनीनं मला झटकन वळवलं. घोड्याला भिऊन शरयूनं पाय आत ओढले. माझं मागचं चाक जागीच थांबलं. ब्रेकनं नव्हे. तारांमध्ये तिची टाच अडकली होती.

टांगेवाल्यानंच दोघींना दवाखान्यात नेलं. मी तिथंच पडून राहिले. लोक मला ओलांडून जात होते.

जखम भरली, पण पाऊल वाकडं राहिलं. सरोजिनी रडली नाही. जेवायची, शाळेत पायी जायची, परत यायची. तिला कुणी दोष दिला नाही, शरयूनंही नाही. महिपतराव एकदा म्हणाले, "ही सायकल काढून टाकू."

"नको, बाबा."

"मग चालवशील?"

"नाही."

जुलैत शाळा उघडली. शरयूला तेवढं चालवेना. सरोजिनीनं मला बाहेर काढलं, मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी दोरीची जाळी विणली, शरयूला सीटवर बसवलं आणि हँडल धरून ती शेजारून चालू लागली. मैलभर रस्ता. दुसऱ्या दिवशीही तसंच. हळूहळू आळीतल्या पाच-सहा मुली आमच्याबरोबर रस्त्याच्या कडेनं चालू लागल्या. पाटणकर बाजाराच्या वळणावर सरोजिनी थांबायची, दोन्हीकडे बघायची. गल्ली रिकामी असली तरी थांबायची. अशी दोन वर्षं गेली.

एक दिवस त्या वळणावर शरयू म्हणाली, "ताई, मला उतरव."

"का?"

"मी चालते."

ती उतरली. लंगडत, पण बाकीच्या मुलींच्या बरोबरीनं चालत गेली. सरोजिनी मला धरून तिथंच उभी राहिली. मग रस्त्यातच खाली बसली आणि त्या अपघातानंतर पहिल्यांदा रडली. शरयू मागे फिरली. "चल ना ताई, उशीर होतोय." सरोजिनी डोळे पुसत म्हणाली, "होऊ दे."

मित्रांनो, मी लोखंडाची आहे. मला थांबता येत नाही, तुम्हीच थांबवायचं असतं. वळणावर थांबा. मागे कुणी बसलं असेल, तर निघण्याआधी त्याचे पाय कुठं आहेत ते बघा. शाळेत उशिरा पोहोचलात तरी चालेल.