गुरुवारची ट्रायल

माणसानं केलेल्या सगळ्या प्रवासांत प्रयोगशाळेतून रुग्णाच्या खाटेपर्यंतचा प्रवास सर्वांत खडतर आहे, असं मी परवा भाईंदर पश्चिमेच्या आमच्या गच्चीवर जाहीर केलं.

"खाटेचं नाव काढलंत ते बरं झालं," माझी बायको सुलू म्हणाली. "तिच्यावरचे पापड उलटवा."

हा विषय मला सुचायला कारण होतं. आठवड्यापूर्वी याच गच्चीवर गुणवंत मास्टर फोन हातात धरून आले होते. मास्टर म्हणजे शिंपी. परळला आमच्या चाळीखाली त्यांचं दुकान होतं. मी भाईंदरला आलो, मागोमाग तेही आमच्याच बिल्डिंगीत आले. आतड्याच्या कॅन्सरवरची दोन औषधं चालेनाशी झाली, तेव्हापासून स्वतःची पँट त्यांनी स्वतःच तीनदा आत घेतली होती.

"कुणी अभिनव डॉक्टर आहेत. म्हणतात, ट्रायलला या," मास्टर म्हणाले. "मी सांगितलं, साहेब, दुकान बंद होऊन आठ वर्षं झाली. तर म्हणतात, काका, ट्रायल तुमची आहे."

नवीन औषध होतं. माणसांना पहिल्यांदाच देणार होते. मास्टरांची सून रुचिता भडकली. "पप्पा, तुम्ही काय उंदीर आहात?"

"उंदरांचं झालं गं करून. आता आपला नंबर."

हॉस्पिटलात आम्ही तिघं गेलो. अभिनव डॉक्टरांनी सोळा पानांचं मराठी संमतीपत्र पुढे ठेवलं. तिसऱ्या पानावर 'मात्रावर्धन गटातील सहभागी व्यक्ती' भेटली. मी चाळीस वर्षं विनोदी लिहिलं, पण असं काही जमलं नाही.

मास्टरांचं कागदाकडे लक्षच नव्हतं. खिडकीशी पाठमोऱ्या उभ्या असलेल्या पिकल्या केसांच्या बाईंकडे ते बघत होते.

"डावा खांदा अर्धा इंच खाली," ते पुटपुटले. "मृणालिनीताई?"

बाई वळल्या. "मास्टर!"

तीसेक वर्षांपूर्वी परळच्या एका प्रयोगशाळेचे पांढरे कोट मास्टर शिवायचे. मृणालिनीबाई तिथे नव्यानं लागल्या होत्या. उंदरांच्या वजनाची वही ठेवायला त्यांनी कोटाला आतून चोरखिसा मागून घेतला. दुकानात इस्त्रीच्या कोळशाचा वास, बाकावर फुकट पेपर वाचणारा मी, आणि आरशापुढे एका बाहीचा कोट घालून हात पसरलेल्या बाई. तोंडात टाचण्या धरून मास्टर विचारायचे, "आमच्याकडे ट्रायल गुरुवारी. तुमच्या औषधाची कधी?"

"अजून कच्च्या टाक्यात आहे, मास्टर."

दर वर्षी नवा कोट आणि तोच प्रश्न. उत्तरही तेच. पुढे कोट रेडिमेड मिळू लागले आणि प्रश्न विचारायचा राहिला.

"हे तेच?" मास्टरांनी आता विचारलं.

"तेच. मधे दोनदा मेलं. एकदा पाण्यात विरघळेना, एकदा उंदरांची लिव्हर बिघडली. परत पहिल्यापासून केलं." मग त्यांनी खुर्ची मागे सरकवली. "माझंच औषध, म्हणून मी काही समजावणार नाही. अभिनव सांगेल. माझ्या ओळखीखातर सही करायची नाही. कागद घरी न्या."

रुचितानं अभिनव डॉक्टरांना सरळच विचारलं, "हे बरे होतील?"

"माहीत नाही," डॉक्टर म्हणाले. "पहिल्या टप्प्यात शरीराला किती डोस झेपतो, ते बघतो. यांना फायदा होईलच असं मी म्हणालो, तर ते खोटं ठरेल. त्रास मात्र होऊ शकतो. नको वाटलं तर कधीही थांबता येतं."

चार दिवस रुचिता आणि मी त्या कागदाचं मराठीतून मराठीत भाषांतर करत होतो. शेवटच्या पानावर ती रडायला लागली.

"फायदा नाही, तर कशाला जायचं, पप्पा?"

मास्टरांनी चष्मा पुसला. "ट्रायलचा कोट लग्नात घालायचा नसतो, बाळा. अस्तर नाही, बटणं नाहीत, टाचण्या लागतात. पण कुणीतरी अंगात घातल्याशिवाय कळत नाही, कुठे काचतंय."

"आणि नाहीच बसला तर?"

"तर उसवायचा. पुढच्या माणसाला नीट बसतो." चष्मा परत डोळ्यांवर चढवून ते म्हणाले, "मलाही बसला तर हवाच आहे गं. खोटं कशाला बोलू?"

रुचितानं सोळाही पानं नीट जुळवून ठेवली. मग तिनं विचारलं, "कधी बोलावलंय?"

"गुरुवारी."

गुरुवारी मास्टरांनी सही केली, शेवटी रेघ ओढून, पावतीवर ओढायचे तशी. मृणालिनीबाई दारात उभ्या होत्या. अभिनव डॉक्टर उगाच फाईल चाळत होते. रुचितानं सासऱ्यांचा हात धरला होता. आणि मी, चाळीस वर्षं ज्याला कुठेही काहीतरी सुचलं तो, भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतो.

नर्सनं हॉस्पिटलचा निळा गाऊन आणून दिला. मास्टरांनी तो उलटा केला, सुलटा केला, पाठीच्या दोन नाड्या ओढून बघितल्या.

"ताई," ते मृणालिनीबाईंना हळूच म्हणाले, "एक मागू?"

"काहीही मागा, मास्टर."

"हा मागून सगळा उघडा आहे. सुईदोरा मिळेल?"