चतुर्दशीला नसलेलं पान

भाद्रपदातल्या दमट उकाड्यात अड्यारच्या घराच्या मागच्या ओसरीत सूप हलू लागलं की काळ्या तिळांचा बारीक सरसर आवाज येतो, वाळूवरून लाट मागे सरावी तसा. आणि त्या आवाजावरूनच कळतं, आत्याबाई कामाला बसल्या. जाळीतून आलेलं ऊन त्यांच्या पांढऱ्या केसांवर लहान लहान चौकटी टाकतं. खडा दिसला की सूप थांबतं, चिमणीने दाणा टिपावा तशी दोन बोटं खाली उतरतात आणि खडा बाजूला होतो. ऐंशी ओलांडलेल्या या बाईच्या बोटांना अजून चष्मा लागत नाही.

त्या माझ्या यजमानांच्या आत्या, तंजावरकडच्या जुन्या मराठी घरातल्या. त्यांची मराठी म्हणजे पेटीच्या तळाशी जपलेलं जरीचं वस्त्र, मधूनमधून तमिळ धाग्याने रफू केलेलं. मी मूळची साताऱ्याची. आवडी गावच्या रणगाड्यांच्या कारखान्यातल्या नोकरीने इथे तमिळ मुलखात आले आणि लग्नाने या घरात रुजले. यादी केल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे आमच्या मराठी मंडळाने इकडच्या मराठी सैनिकांची स्मृतिशिळा बसवायचं ठरवलं, तेव्हा माहिती जमवायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. नाव, हुद्दा आणि मृत्यू कसा आला याची एक ओळ. आमच्या घरातलं नाव रामचंद्रकाकांचं: आत्याबाईंचे धाकटे भाऊ, लग्नाआधीच उत्तरेच्या बर्फाळ सीमेवरच्या युद्धात गेलेले. ‘काकांनी छातीवर गोळी झेलली’ हे वाक्य माझ्या यजमानांना लहानपणापासून पाठ.

ओळ तयारच होती. पण ती लिहिताना माझा हात अडला. आमच्या साताऱ्याकडे घरटी फौजी. शस्त्राने मेलेल्याचं श्राद्ध पितृपक्षात चतुर्दशीलाच, हे तिकडे वेगळं शिकवावं लागत नाही. इथे मात्र काकांचा पिंड वर्षानुवर्षं आजोबांच्या तिथीला, इतर पितरांच्या रांगेत. चतुर्दशीला या घरात त्यांच्या नावाचं पान वाढलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं. आणि तिथ्या ठरवतात आत्याबाई, पंचांग न उघडता एकादशी सांगणाऱ्या. त्यांची चूक होईल, हे मला पटेना.

मग गोळी खरी कशावरून?

संशय हा पावसाळी ओलीसारखा असतो. एका कोपऱ्यात दिसला की साऱ्या भिंतीच सादळलेल्या वाटू लागतात. काकांची तसबीर दिवाणखान्यात नसून आत्याबाईंच्या खोलीत का? गोळीचा विषय निघाला की त्या नेमक्या उठून स्वयंपाकघरात का जातात? मी सैन्याच्या अभिलेख कार्यालयाला लिहिलं. उत्तर आलं: क्रमांक, हुद्दा, ‘युद्धकाळात सेवेत असताना मृत्यू’. कसा, याबद्दल अक्षर नाही. त्या मोकळ्या जागेत मी काय काय भरून पाहिलं! काका पळाले असतील? सीमेपासून दूर कुठे आजाराने गेले असतील, आणि घराने लाज झाकायला गोळी घडवली असेल? आत्याबाईंचं शांत बसणंही मला पहारा वाटू लागलं.

शेवटी ओसरीत त्यांच्यासमोर जाऊन बसले. “आत्याबाई, काकांचं श्राद्ध चतुर्दशीला का नाही?”

सूप थांबलं. “कां गे, सातारची सीआयडी झालीस?”

“शिळेवर लिहायचंय. खोटं जायला नको.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. संशय आता त्यांच्या डोळ्यांत होता. मग सूप खाली ठेवून, पदराने हात पुसत म्हणाल्या, “गोळी नव्हती गे. पनि. बर्फ. आमचा रामू कावेरीच्या उन्हांत वाढला. त्यास थंडी काय ठावें? साध्या कपड्यांत पहाऱ्यावर उभा राहिला, जागा सोडली नाहीं. छाती भरली, गेला. त्याचा सोबती येऊन बाबांस सांगून गेला. मी दाराआड होतें.”

“मग गोळी?”

“बाबा म्हणाले. थंडीनें मेला म्हटलें तर लोक हंसतील म्हणून. लोकांस काय, हवें तें सांगा. पितरांपुढें खोटें पान कसें वाढूं? त्या शिळेवर गोळी लिहिलीस, तर त्याचें नांवच नको. दुसऱ्याच कोणाचें होईल तें.”

बाहेर ऊन नारळाच्या झावळ्यांवर पाऱ्यासारखं हलत होतं, आणि त्या उन्हात बसून मला प्रथमच एका तरुण मुलाच्या दातांची कडकड ऐकू आल्यासारखी वाटली.

मी ओळ लिहिली: ‘हिमसीमेवर, पहाऱ्याची जागा न सोडता, थंडीने’. मंडळाच्या चिटणीसांचा लगेच फोन. “वहिनी, थंडीने? लोक म्हणतील, सर्दी झाली होती! ‘वीरगती’ टाका, विषय संपवा.”

“मग नाव काढा.”

“अहो, असं कसं? घरचं नाव ना ते?”

“म्हणूनच. ओळ ठेवा, नाहीतर नाव काढा.”

पलीकडे मोठा सुस्कारा. “साताऱ्याच्या माणसाशी वाद घालून मी कुठे जाणार!”

शिळा बसली त्या दिवशी आत्याबाई तिच्यासमोर उभ्या राहिल्या, एकेक अक्षर ओठांत जुळवत. शेजारी माझे यजमान ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत होते. लहानपणीची गोळी कुठे ठेवावी, हे त्यांना कळत नव्हतं. घरी जाताना गाडीत आत्याबाई एवढंच म्हणाल्या, “आतां रामूच आहे तो.”

गेलेल्याला काळ परत देत नाही. ज्यांना तो गेलेला ठाऊक होता तीही माणसं एकेक करून कमी होत जातात, आणि मग मागे उरलेल्या त्याच्या रिकाम्या जागेत आपण आपल्या सोयीचा कुणीतरी उभा करतो; तिथे त्यालाच उभं राहू देणं, थंडीने कुडकुडत का होईना, एवढीच स्मृतीची निष्ठा.